सुई कोणाच्या हातानं

मोताळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते, तेव्हाची ही गोष्ट. भाद्रपद लागला होता. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता आणि गावातल्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा होता. सकाळी आम्ही दवाखाना उघडत होतो, तेवढ्यात फोन आला. पलीकडे एक म्हातारा माणूस अगदी सावकाश बोलत होता.

"मॅडम, बैल पडला. नाल्याच्या उतारावर. मागचे पाय उचलूनच नाही राह्यला."

आमच्या दवाखान्यातले परिचर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे होते. त्यांना मी भाऊ म्हणायचे. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी निघाले. गाव फार लांब नव्हतं, पण शेवटचा रस्ता शेतातला होता. रात्री पाऊस झालेला, काळी माती चाकाला धरत होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गाडी ठेवून आम्ही सोयाबीनच्या कडेकडेनं चालत गेलो.

पांढरा, उंच, खांद्यानं भरलेला बैल होता. पाणी पाजायला दोघांना नाल्यात उतरवताना त्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि तो कमरेवर आदळला. त्याचा जोडीदार बाभळीला बांधून ठेवलेला होता आणि तोंड फिरवून इकडेच पाहत होता. म्हातारा बैलाच्या डोक्याशी उकिडवा बसला होता. त्याची बायको थोडी मागे, पदर तोंडाला लावून उभी होती. मी त्यांना काका-काकू म्हणू लागले, तेच पुढे राहिलं.

मी बैलाच्या मागच्या पायाला सुई टोचून पाहिली. खुरापाशी, मग गुडघ्याशी, मग मांडीत. त्यानं पाय तर हलवला नाहीच, मागे वळूनही पाहिलं नाही. शेपटी उचलून सोडली, ती मातीत पडली. पुढचे पाय मात्र तो रोवत होता. अंग उचलायचा, हातभर पुढे यायचा आणि परत बसायचा. त्याच्या पुढच्या खुरांनी मातीत खोल चर पडले होते.

"खरं सांगा मॅडम," काका म्हणाले, "उठन का हा?"

मी दोन दिवस थांबू म्हटलं. सूज उतरायचं औषध दिलं, दुखणं कमी करायचं दिलं. पाठीचा कणा मोडलाय हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी दोन दिवस म्हटलं, कारण पहिल्याच भेटीत कोणी खरं ऐकायला तयार नसतं आणि सांगायला मीही तयार नव्हते.

चौघापाचांनी मिळून बैलाला नाल्याच्या वर सपाटीला ओढून घेतलं. खाली भुशाचं कुटार अंथरलं, चार बांबू रोवून वर ताडपत्री बांधली. काकांनी घरून खाट मागवली आणि ताडपत्रीच्या शेजारी टाकली. ते तिथेच राहू लागले.

तिसऱ्या दिवशी मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "काका, हा आता उठणार नाही. मागचं अंग मेलंय. पुढे त्याला जखमा होतील, त्यात अळ्या पडतील, पोट फुगेल. जाईल तो, पण जायला किती दिवस घेईल सांगता येत नाही. त्याला त्रास न होता सोडवता येतं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. तो झोपतो. मग दुसरं."

काका बराच वेळ बैलाच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवत राहिले.

"माझा बाप सहा महिने खाटेवर होता," ते म्हणाले. "त्याले बी जखमा झाल्या होत्या. त्याले कोनी टोचलं नाही."

उत्तर काकूंनी दिलं, मागून, हळू आवाजात.

"मामंजींले आपण विचारू शकत होतो. पाणी पाहिजे का, कूस बदलू का. याले कसं विचारता?"

"तू गप राय," काका म्हणाले. त्यात राग नव्हता. "अकरा वर्षं यानं माह्या शेतात काम केलं. आता काम नाही होत म्हणून मारू का?"

"काम नाही होत म्हणून नाही काका," मी म्हटलं.

"मग कशापायी? तुम्हाले पाहवत नाही म्हणून?"

हे वाक्य मी घरी घेऊन गेले. कारण ते पूर्ण खोटं नव्हतं. त्या बैलाकडे पाहणं मला जड जात होतं. रोज ताडपत्रीखाली वाकताना मी आधी श्वास रोखून घ्यायचे. जनावराची सुटका आणि पाहणाऱ्याची सुटका यांत फरक कुठे करायचा, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. शीर कशी शोधायची, औषधाचं माप वजनावरून कसं काढायचं, एवढंच शिकवलं होतं.

मी माझ्यापुरता एक नियम केला होता, तो मोताळ्याआधी बुलढाण्याला नेमणूक होती तेव्हा. एक कुटुंब चांगलं धडधाकट कुत्रं घेऊन आलं होतं. ते पुण्याला फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते आणि कुत्र्याला 'शांत करा' म्हणत होते. कुत्रं माझ्या टेबलावर बसून शेपटी हलवत होतं. मी नाही म्हटलं. तेव्हापासून ठरवलं की मालक घाईत असेल तर हे इंजेक्शन द्यायचं नाही आणि मालक तयार नसेल तरीही नाही. नियम सोपा होता. त्यात जनावराला काय हवंय याचा विचार कुठेच नव्हता, हे त्या शेतात माझ्या लक्षात आलं.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कायद्यात अशा जनावरासाठी सोय आहे, कागद नीट कर, असं सांगितलं. मग विचारलं, "मालक काय म्हणतो?"

"नाही म्हणतो."

"मग तुझा प्रश्न मिटला."

"बैलाचा नाही मिटला सर."

ते म्हणाले, "रोज जाऊन दुखण्याचं दे. दुसरं काय करशील."

मी रोज गेले. सकाळी दवाखान्याआधी. काकांचा मुलगा पुण्याला कंपनीत होता. एकदा मी तिथे असतानाच त्याचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन बैलाकडे फिरवला. मुलगा म्हणाला, "बाबा, मॅडम म्हणतात तसं करा ना. हाल काऊन करता त्याचे?" काकांनी फोन हातात घेतला नाही. कॉल संपल्यावर मला म्हणाले, "त्यानं एक दिवस तरी हाकलला का याले?"

काका बैलाची सेवा करत नव्हते असं कुणी म्हणू शकणार नाही. दिवसातून चार-पाच वेळा शेजारच्या शेतातल्या माणसांना हाका मारून त्याची कूस बदलायचे. तोंडाशी हिरवा चारा धरायचे, सरकीची ढेप भिजवून हातानं भरवायचे. अंगाखालचं ओलं कुटार काढून कोरडं टाकायचे. पण एवढ्या मोठ्या जनावराचं वजन त्याच्याच हाडांवर येतं. पाचव्या दिवशी मांडीच्या हाडावरची कातडी गेली. सहाव्या दिवशी मी चिमट्यानं अळ्या काढत होते आणि तो बैल पुढच्या पायांवर डोकं ठेवून समोरच्या सोयाबीनकडे पाहत होता. मध्येच तो पुढचे पाय रोवायचा, उठायचा प्रयत्न करायचा. ते बघणं सगळ्यात वाईट होतं. आपल्याला काय झालंय हे त्याला कळत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी काकू दवाखान्यात आल्या, एकट्या. एसटीनं मोताळ्याला उतरून चालत आल्या होत्या. भाऊंनी त्यांना पाणी दिलं. त्या बाकावर टेकल्या, ग्लास दोन्ही हातांत धरून बसल्या.

"मॅडम, यायले सांगू नका मी आली होती म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही ते इंजेक्शन देऊन टाका. हे विचारतीन, त म्हणा दुखण्याचंच हाय."

"काकू, असं खोटं सांगून नाही देता येत."

"खोटं मी सांगतो. तुम्ही नुसतं टोचा." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीले, मीच त्याच्या खांद्याले लोणी-हळद लावली. 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणलं. दरसाल म्हणतो. जेवाले बोलावलेल्याचे असे हाल पाहवत नाहीत हो मले. आन् यायचे बी पाहवत नाहीत. हे आता जेवून नाही राह्यले. रात्री बॅटरी घेऊन त्याच्याजवळ बसतात. बैल जाईन त्याच्या आधी हेच जातीन."

मी नाही म्हटलं. त्यांना समजावलं की बैल काकांचा आहे, त्यांना फसवून केलं तर ते बरोबर होणार नाही. काकू ऐकत होत्या. मग पदर सारखा करून उठल्या.

"बरोबर न् चूक तुम्ही शिकलेले लोक पाहा," त्या म्हणाल्या. "मले फक्त तो दिसते."

त्या गेल्यावर मी कपाट उघडलं आणि त्या औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. परत आत ठेवली. संध्याकाळी घरी जाताना ती माझ्या बॅगेत होती. सकाळी काकूंचं ऐकायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. दुखण्याचं इंजेक्शन आहे असं सांगायचं आणि द्यायचं. कुणाला कळणार नाही. सहा दिवस पडलेला बैल सकाळी गेला, यात कुणाला नवल वाटणार नाही. भाऊंनाही मी काही सांगितलं नाही.

सकाळी गेलो तर काका खाटेवर नव्हते, बैलाच्या डोक्याला मिठी मारल्यासारखे खाली कुटारात बसले होते. त्यांच्या गमछ्याला रक्त लागलेलं होतं. काकू घरून नुकत्याच आल्या असाव्यात. हातातला डबा तसाच होता.

"दहा मिनिटं," काका माझ्याकडे न पाहता म्हणाले. "फक्त पाणी आणाले गेल्तो नाल्यावर. दहा मिनिटं."

त्यांनी गमछा बाजूला केला. कावळ्यांनी बैलाचा वरच्या बाजूचा डोळा फोडला होता. एरवी त्यानं मान झटकून त्यांना हाकललं असतं, पण तेवढंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

मी बॅग उघडली. जखम धुवायला हवी होती, ती धुतली. काका माझे हात पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, ते दुसरं औषध हाय का संगं?"

"आहे."

"पाप कोनाले लागन?"

मी म्हटलं, "मला लागेल काका. सुई माझी आहे."

"तुम्हाले काऊन? तुमचा त तो धंदाच हाय." ते थांबले. "लागलं त मले लागलं पायजे. बैल माझा हाय. मग सुई माह्या हातानं जाऊ द्या. परक्याच्या हातून नको जायाले तो."

मी त्यांना सांगितलं की तसं करता येत नाही. शीर चुकली, औषध बाहेर गेलं तर त्याला उलट त्रास होईल. ते मान हलवत राहिले, पण मागे सरले नाहीत. "तुम्ही म्हणान तसं करतो," म्हणाले. "पण माह्या हातानं."

कागद भरून त्यावर काकांची सही घेतली. त्यांनी खाली मान घालून, एकेक अक्षर दाबून सही केली. भाऊंनी बैलाची मान धरली. मी मानेच्या शिरेत सुई बसवली, नळी जोडली, चिकटपट्टी लावली. आधी गुंगीचं दिलं, ते मीच दिलं. काकूंनी पोत्यावर बसून बैलाचं तोंड मांडीवर घेतलं होतं. हळूहळू त्याचा श्वास लांब होत गेला आणि पुढचे पाय, जे सात दिवस माती उकरत होते, ते सैल पडले.

मग मी मोठी सिरिंज नळीला लावली. काका माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले. मी दांड्यावर अंगठा ठेवला आणि त्यांना त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवायला सांगितलं. त्यांचा अंगठा जड होता, नखाजवळ फाटलेला. आम्ही दोघांनी मिळून दाबलं, सावकाश, मी म्हणेन तेवढं. किती जोर माझा होता आणि किती त्यांचा, ते मला सांगता येणार नाही.

बैलानं एकदा कान हलवला. नंतर काहीच नाही. मी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिले, ठोके थांबले तरी ऐकत राहिले.

"कान हलवला त्यानं," काका म्हणाले. "ओळखलं त्यानं मले."

शेवटी शेवटी शरीरात अशा हालचाली होतात, त्याचा ओळखण्याशी संबंध नसतो. मी हे अनेकांना समजावून सांगितलं आहे, म्हणजे ते घाबरू नयेत. त्यांना नाही सांगितलं.

पुढची कामं होती. औषध अंगात गेलेलं जनावर उघड्यावर टाकता येत नाही, कुत्री-पाखरं मरतात. भाऊंनी गावातून जेसीबी बोलावला. धुऱ्याच्या कडेला खोल खड्डा झाला. काकांनी जोडीदाराला बाभळीवरून सोडून आणलं आणि मेलेल्या बैलाजवळ उभं केलं. त्यानं वास घेतला, फुरफुरला आणि चरायला वळला. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, त्याले भूक लागली असन." मिठाची दोन पोती खड्ड्यात रिकामी झाली. मशीनच्या दातांनी बैलाला उचलू द्यायला काका तयार नव्हते. मग माणसांनीच दोर लावून त्याला खाली उतरवलं.

भाऊंनी नाल्यावर माझ्या हातांवर पाणी ओतलं. मी साबण लावून धुतले, परत धुतले. "बस झालं मॅडम," ते म्हणाले. तेवढंच. त्या दिवशी दुसऱ्या एका गावात शेळ्यांचं लसीकरण ठरलेलं होतं. ते मी केलं. बायका शेळ्यांचे कान धरून रांगेत उभ्या होत्या, हसत होत्या आणि मी एकेक सुई देत होते. घरी आल्यावर पोळ्यांची कणीक मळायला घेतली, तेव्हा उजवा अंगठा दुखतोय असं वाटलं. त्याला काही झालेलं नव्हतं. मी कणीक तशीच झाकून ठेवली. नवऱ्याला वाटलं मला ताप आहे. त्यानं खिचडी टाकली.

आम्ही डॉक्टर आपसात या गोष्टी बोलत नाही. फोनवर 'शांत केलं' म्हणतो आणि पुढच्या केसकडे वळतो. मी बरेच दिवस नाल्याच्या त्या रस्त्यानं जायचं टाळलं. त्या बाजूच्या गावाहून बोलावणं आलं की लांबच्या वाटेनं जायचे. भाऊंना ते समजत होतं. ते न विचारता गाडी तिकडून वळवायचे.

काका भेटले ते थंडीत, मोताळ्याच्या आठवडी बाजारात. कापूस वेचून झाला होता. ते वाळले होते, पण तब्येत ठीक दिसत होती. त्यांनी मला चहाच्या टपरीवर बसवलं. दुसरा बैल घेतला का विचारलं, तर म्हणाले, "नाही घेतला. ट्रॅक्टरनंच करतो आता. जोडीदार हाय, त्याले तसाच ठेवला. खाते आन् बसते." मग चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "ही तुमच्याकडं आल्ती म्हणे दवाखान्यात."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"दिवाळीत सांगतलं तिनं मले. लबाडीनं टोचा म्हणली होती म्हणे. तुम्ही नाही म्हणलं." त्यांनी बशी खाली ठेवली. "बरं केलं मॅडम. मले कधी ना कधी समजलंच असतं. मग मी तिच्यासंगं जन्मात बोललो नसतो. चाळीस वर्षांचा संसार एका बैलापायी गेला असता."

त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा आदर इतका स्वच्छ होता की मला खाली पाहावं लागलं. कावळे त्या सकाळी आले नसते, ते पाणी आणायला गेले नसते, तर मी काय करणार होते हे सांगायला तीच वेळ होती. शब्द तोंडात आले होते. पण सांगितलं असतं, तर माझं मन हलकं झालं असतं आणि ते ओझं घेऊन त्यांना घरी काकूंसमोर बसावं लागलं असतं. निदान मी तेव्हा स्वतःला असं समजावलं. आदर गमवायची भीती त्यात किती होती, ते मी अजूनही तपासते.

त्यांची एसटी लागली तशी ते पिशवी घेऊन उठले. चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.